केस पेपरवर नसलेली तपासणी

जून २०२२ मध्ये माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. दिवसभर नोटा मोजायच्या आणि उरलेल्या वेळात संगणकावर नोंदी करायच्या. रात्री दोन-अडीचला अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग यायची. हात झटकला की थोडा वेळ बरं वाटायचं. आमच्या तालुक्याच्या गावात हाडांचे डॉक्टर दोनच. त्यातल्या एकाने सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन केलं होतं आणि घरात त्याचं नाव फार आदराने घेतलं जायचं. मी त्याच्याकडे गेले.

पहिल्या वेळी सगळं रीतसर झालं. त्याने मनगटावर बोटाने टिचक्या मारल्या, दोन्ही हातांचे पंजे खाली वाकवून मागच्या बाजूने एकमेकांना टेकवायला लावले आणि घड्याळात बघून मिनिटभर तसंच धरायला सांगितलं. मान इकडे-तिकडे वळवून पाहिली. पडद्याजवळ दवाखान्यातल्या मावशी उभ्या होत्या. "मनगटात नस दबतेय," असं तो म्हणाला. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. हे इतकं बारकाईने लिहितेय, कारण पुढे अडीच वर्षं मला हीच पहिली भेट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. खरी तपासणी कशी असते, हे मला तिच्यामुळे सांगता आलं.

दहा दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी त्याने मावशींना एक्स-रेचं पाकीट आणायला खाली पाठवलं आणि पडदा ओढला. "नस मानेतून छातीकडे उतरते, तेही बघावं लागेल," म्हणाला. त्यानंतर काय झालं ते मी पोलिसांना सांगितलं, प्रतिज्ञापत्रात लिहिलं आणि वैद्यक परिषदेच्या चौकशी समितीसमोर दोनदा सांगितलं. इथे एवढंच लिहिते, की दुखणं हाताचं होतं आणि त्याचे हात जिथे काहीच दुखत नव्हतं तिथे गेले. आणि हे करताना तो पहिल्या दिवशीच्याच शांत आवाजात "सैल सोडा, सैल सोडा" म्हणत होता. त्या आवाजामुळे मिनिटभर मला वाटलं, असेल, हीसुद्धा तपासणीच असेल. मग मावशींच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला आणि त्याने हात काढून घेतला. तो दचकून मागे सरला, तेव्हा मला कळलं की ही तपासणी नव्हती.

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी नणंदेला सांगितलं. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. मी रडत होते आणि तीही रडली, पण डोळे पुसून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : "वहिनी, त्या दिवशी त्याने केस पेपरवर काय लिहिलंय?"

माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सतरा वर्षं पतसंस्थेत आहे, व्हाउचरशिवाय रुपया हलू देत नाही, आणि माझ्या स्वतःच्या कागदाचा मला विसर पडला होता. तिनेच सांगितलं, की डॉक्टरांसाठी २००२ सालचे आचारसंहितेचे विनियम आहेत, आणि रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. मी अर्ज लिहिला. कारण दिलं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली, तारीख-वेळ टाकून. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात आली. प्रत्येक पानावर दवाखान्याचा शिक्का आणि सही मागून घेतली.

पहिल्या भेटीच्या पानावर सगळं होतं. टिनेल, फॅलेन या मनगटाच्या चाचण्यांची नावं, पुढे अधिकची खूण, मान ठीक. दुसऱ्या भेटीच्या नोंदीत दोन ओळी होत्या : तक्रार तीच, पट्टा चालू ठेवणे. छातीची तपासणी केल्याचा एक शब्दही नव्हता.

घरात मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गावात राहायचंय आपल्याला." मला ते वाक्य फार लागलं, ते लपवत नाही. पण पुढच्या प्रत्येक तारखेला पहाटेच्या एस.टी.ने माझ्यासोबत तेच आले. सासूबाई तर काहीच बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या महिन्यात खुबा दाखवायची वेळ आली, तेव्हा मुलाला म्हणाल्या, "मला जिल्ह्याला घेऊन चल. त्याच्या पायरीवर मी चढायची नाही."

पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो भारतीय दंड विधानाच्या कलम ३५४ खाली, म्हणजे विनयभंगाचा. (१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना नव्या भारतीय न्याय संहितेतलं कलम ७४ लागतं.) जबाब महिला अधिकाऱ्याने नीट घेतला. बाहेरच्या हवालदाराने मात्र विचारलं, "ताई, गैरसमज तर नाही ना? डॉक्टर माणूस आहे." तो खटला अजून चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वैद्यक परिषदेकडे का गेले ते सांगते. त्याला तुरुंग होईल की नाही, हे न्यायालय ठरवेल तेव्हा ठरवेल. पण तोवर रोज सकाळी दहाला तो दवाखाना उघडत होता आणि पडद्याआड बायका जात होत्या. डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार राज्याच्या वैद्यक परिषदेला आहे. या माणसाला रुग्णाच्या अंगाला हात लावायची परवानगी असावी का, हा प्रश्न विचारायची जागा तीच. मला तोच विचारायचा होता.

तक्रार प्रतिज्ञापत्रावर केली, नोटरी करून, सोबत केस पेपरच्या प्रती. पहिल्यांदा ती परत आली, कारण जोडपत्रांच्या पानांना क्रमांक नव्हते. दुसऱ्यांदा क्रमांक टाकून, पानापानावर सही करून रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोहोच आली त्या दिवशी मी ती पावती देवघरात ठेवली होती.

मग वकीलबाईंनी मला दाखवलं, माझी तक्रार विनियमांच्या कुठल्या कलमात बसते ते. या वकीलबाई मला एका महिला संस्थेने विनामूल्य दिल्या होत्या. ते कलम ७.४. त्याचा मथळा इंग्रजीत आहे आणि मराठीत त्याचा अर्थ होतो : 'व्यभिचार किंवा अनुचित वर्तन'. डॉक्टरने आपल्या व्यावसायिक स्थानाचा गैरफायदा घेऊन रुग्णाशी व्यभिचार केला, अनुचित वर्तन केलं किंवा अनुचित संबंध ठेवले, तर तो कारवाईस पात्र ठरतो. मी ते पान धरून बसले. माझ्या संमतीवाचून माझ्या अंगाला हात लावला गेला, आणि त्याच्या वर मथळा व्यभिचाराचा? व्यभिचारात दोन माणसं असतात. लैंगिक छळ, अत्याचार, विनयभंग यातला एक शब्द त्या मथळ्यात नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मथळा सोडा, 'व्यावसायिक स्थानाचा गैरफायदा' हे शब्द धरा. आपली केस तिथे आहे." त्यांचं बरोबर होतं, आणि आम्ही ते शब्दच धरले. पण मथळा मी सोडलेला नाही. हे कलम ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते बदलावं. तक्रार करायला निघालेल्या बाईला पहिल्याच पानावर हा शब्द वाचायला लागतो, आणि किती जणी तिथूनच मागे फिरत असतील.

त्याच विनियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा. दुसरी, चौकशी चालू असताना परिषद डॉक्टरला ती विशिष्ट कामं करण्यापासून रोखू शकते. मी दुसऱ्या कलमाखाली अर्ज केला : निदान बाई मदतनीस खोलीत असल्याशिवाय त्याने स्त्री रुग्ण तपासू नये, एवढा आदेश द्या. त्या अर्जावर मला कधीच उत्तर आलं नाही. आणि पहिली सुनावणी लागली ती चौदा महिन्यांनी.

या चौदा महिन्यांत मी हात कोणाला दाखवलाच नाही. पडदा असलेल्या खोलीत जायची हिंमत होत नव्हती. पट्टा बांधायचे, गोळ्या गिळायचे. नोटा मोजताना बोटांतून सटकायला लागल्या, तेव्हा साहेबांनी मला काउंटरवरून आतल्या टेबलावर घेतलं. शेवटी नणंदेने जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथला मांसल उंचवटा सपाट झाला होता. नस खूप दिवस दाबलेली राहिली की स्नायू असा झिजतो, म्हणाल्या. "इतका उशीर का केलात?" मी काही बोलले नाही. ऑपरेशन झालं, मुंग्या गेल्या, पण अंगठ्यात पहिली ताकद आली नाही. नुकसानभरपाईच्या कुठल्या रकान्यात हे बसतं, मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बाईपुरता आहे असं मी समजत होते. त्यात 'पीडित महिला' म्हणजे नोकरीत असलेली किंवा नसलेली, कोणत्याही वयाची बाई, आणि कामाच्या ठिकाणांच्या यादीत रुग्णालयं आणि शुश्रूषागृहंही आहेत. म्हणजे मोठ्या रुग्णालयात असं घडलं, तर रुग्ण बाई तिथल्या अंतर्गत समितीकडे जाऊ शकते. मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण दिलं तर आणखी तीन. माझे सहाही महिने तेव्हा उलटून गेले होते. हे वाचणाऱ्या कोणाचे उलटले नसतील, म्हणून लिहिलं.

सुनावणीची पहिली तारीख ऑगस्ट २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात होती. त्या महिन्याच्या २ तारखेला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांसाठी नवे विनियम काढले होते आणि २३ तारखेला ते स्थगित केले, म्हणजे पुन्हा २००२ चेच लागू. डॉक्टरच्या वकिलाने तेवढंच धरलं : कोणते विनियम लावायचे हे आधी ठरवा. पुढची तारीख मिळाली. पहाटे चारला उठून गेलो होतो, रात्री अकराला घरी आलो.

दुसऱ्या तारखेला खरी सुनावणी झाली. बाहेरच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी आणि नवरा. मधे कोणी नाही. दीड तास आम्ही तसे बसलो. मी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि उठताना बघितलं तर बाटली पार चेपलेली. तक्रार करणाऱ्या बाईला वेगळी खोली द्यायला किती खर्च येतो? एक खुर्ची आणि एक दार.

आत लांब टेबल, समोर सगळे डॉक्टर, त्यात एक बाई. त्याच्या वकिलाने आधी मागणी केली, की फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत हे काम थांबवा. अध्यक्षांनी ती मान्य केली नाही. तिथे प्रश्न गुन्ह्याचा आहे, इथे नोंदणीचा, असं ते म्हणाले. आमच्या वकीलबाईंनी मला याचं गणित आधीच समजावलं होतं. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शिस्तभंगाच्या चौकशीत कोणती बाजू जास्त संभवनीय, एवढं बघतात. पुराव्याचं ओझं तेवढं हलकं असतं. पण ते उचलावं मलाच लागणार होतं.

त्याच्या वकिलाने मला विचारलं, "तुम्ही वैद्यकाचं शिक्षण घेतलंय का?"

"नाही."

"मग कोणती तपासणी गरजेची, कोणती नाही, हे तुम्ही कसं ठरवलं?"

आणि लगेच पुढचा प्रश्न, "तपासणी चालू असताना तुम्ही मिनिटभर गप्प राहिलात. का?"

मी म्हणाले, "पहिल्या वेळी त्यांनी मिनिटभर पंजे धरायला सांगितलं तेव्हाही मी गप्पच राहिले होते. डॉक्टर सांगतात तसं रुग्ण करतो."

टेबलावर कोणीतरी पेन ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांच्यातल्या एका वयस्क डॉक्टरांनी, तेही हाडांचेच होते हे मला नंतर कळलं, त्याच्याकडे वळून विचारायला सुरुवात केली. त्याने लेखी उत्तरात म्हटलं होतं, की मानेच्या मुळाशी नस दबते का, हे बघायला ती तपासणी आवश्यक होती.

"त्यासाठी कोणती चाचणी केलीत?"

त्याने एक इंग्रजी नाव सांगितलं.

"ती हात वर करून, नाडी धरून करतात. छातीला हात कुठे लावावा लागतो?"

तो काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

"बरं, केलीत. मग नोंद कुठे आहे? पहिल्या भेटीची प्रत्येक चाचणी तुम्ही लिहिलीय. ही का नाही लिहिली?"

"गर्दी होती त्या दिवशी, सर."

त्या डॉक्टरांनी माझ्या तक्रारीतली शिक्का मारलेली झेरॉक्स उचलली आणि शेजारच्यांकडे सरकवली. ती पानं टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरली. मला आमच्या लेखापरीक्षकांची आठवण झाली. माझं बोलणं खरं की त्याचं, यावर तास न् तास वाद घालता आला असता. पण तपासणी होती तर कागदावर का नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. नणंदेने पाचव्या दिवशी विचारलेला प्रश्न तिथे, त्या खोलीत, डॉक्टरनेच डॉक्टरला विचारला. त्या क्षणी मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मावशींबद्दल लिहायचं राहिलं, आणि त्यांच्यावाचून हे पूर्ण होणार नाही. त्यांनी ती नोकरी सोडली होती आणि एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत होत्या. माझ्या नवऱ्याने त्यांना शोधून काढलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या पातेलं घासत होत्या. मला बघून हात थांबले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तुमचं पाकीट टेबलावरच होतं, ताई."

मला कळलं नाही.

"एक्स-रेचं पाकीट. खालून आणायला पाठवलं ना मला? ते त्यांच्या टेबलावरच होतं. मी खाली जाऊन रिकाम्या हाताने वर आले. असं पुष्कळदा पाठवायचे. बाई तरुण असली की पाठवायचे."

त्या साक्षीला येतील असं मला वाटलं नव्हतं. मुलगा नको म्हणत होता, गावात त्या डॉक्टरच्या ओळखी होत्या. त्या आल्या. समितीसमोर त्यांनी हेच सांगितलं, याच शब्दांत. वकिलाने विचारलं, "मग तेव्हाच का बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "साहेब, मला पाच हजार पगार होता." तिथे बसलेल्या एकमेव बाई सदस्याने मान खाली घातली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना रुग्ण हक्कांची सनद स्वीकारायला सांगितली, त्यात पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी बाई हजर असण्याचा हक्क लिहिला आहे. माझ्या तपासणीला ती बाई होती. पण तिचा पगार तोच डॉक्टर देत होता आणि "खाली जा" म्हटल्यावर तिला जावं लागत होतं. तुम्ही तपासणीला जाल तेव्हा मदतनीस बाई खोलीतून बाहेर गेली, तर उठून बसा. "त्या येऊ देत, मग तपासा," एवढं म्हणा. नाहीतर घरची बाई आत न्या. डॉक्टर चांगला असेल तर त्याला राग येणार नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरबाईंनी तर मी न सांगता नर्सला थांबवलं होतं आणि मनगटाला हात लावण्याआधीसुद्धा "हात लावते हं" म्हणाल्या होत्या.

निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. व्यावसायिक स्थानाचा गैरफायदा घेतल्याचं सिद्ध, नोंदवहीतून नाव दोन वर्षांसाठी कमी. कायमचं नाही. विनियमांत दोन्हीची सोय आहे, कायमचं किंवा ठरावीक मुदतीसाठी. मला विचाराल तर दोन वर्षं कमी आहेत. ज्या माणसाने टेबलावरचं पाकीट आणायला बाईला खाली पाठवलं, तोही पुष्कळदा, तो ठरवून करत होता.

त्याने दिल्लीला, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाकडे अपील केलं आहे. तो त्याचा हक्क. पण निकाल उलट लागला असता तर मी काय केलं असतं, हे मी वकीलबाईंना विचारलं होतं. २००२ च्या विनियमांत अपिलाचा हक्क निर्णयाने बाधित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला आहे, म्हणजे तक्रारदारालाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यातल्या कलम ३० मध्ये मात्र अपील करणारा म्हणून फक्त डॉक्टरचा उल्लेख आहे. मी हरले असते तर दारावर उभं राहून विनवण्या कराव्या लागल्या असत्या. तो हरला, तर त्याच्यासाठी कायद्यात दार आहे.

निकालपत्र एकतीस पानांचं आहे. मावशींना वाचता येतं, अक्षर अक्षर लावून. शाळा सुटल्यावर मी ते घेऊन त्यांच्याकडे गेले. नावं त्यात नाहीत, त्यांचा उल्लेख 'साक्षीदार क्रमांक २' असा आहे. एकोणिसाव्या पानावर एक वाक्य आहे, की साक्षीदार क्रमांक २ यांची साक्ष विश्वासार्ह वाटते आणि उलटतपासणीतही त्यात तफावत आढळली नाही. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "विश्वासार्ह म्हणजे?"

"तुम्ही खरं बोललात, असं लिहिलंय."

त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "या एका पानाची झेरॉक्स मला द्याल का? मुलाला दाखवायची आहे."